बोलून टाकलं की मन हलकं होतं?

‘मनात ठेवू नकोस, बोलून टाक, बरं वाटेल.’ हा सल्ला आपण इतक्या सहज देतो की त्यात वैद्यकीय दावा आहे हे लक्षातच येत नाही. वाईट आठवण आत साठून कुजते आणि बाहेर काढली की तिचा निचरा होतो, असा तो दावा. १९९६ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची उघड सुनावणी घेणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचं काम सुरू झालं, तेव्हा अध्यक्ष आर्चबिशप डेझमंड टूटूही असंच सांगत: जखम उघडून धुतली नाही तर ती चिघळते. कबुली, पश्चात्ताप, क्षमा हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला क्रम तिथे न्यायाच्या कामी लावला होता. धर्मशास्त्रात मला गती नाही. पण जखमेचा दावा तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे.

पहिली तपासणी लंगडी होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अत्याचार सोसलेल्या १३४ दक्षिण आफ्रिकी लोकांची मानसिक प्रकृती पाहिली. आयोगापुढे साक्ष दिलेल्या आणि न दिलेल्या लोकांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण साक्षीला उभं राहणारी माणसं मुळातच वेगळी असतील, तर या तुलनेतून काय कळणार? त्यासाठी कुणी बोलायचं आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये त्या टाकल्या गेल्या. १९९१ ते २००२ या यादवी युद्धात शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांचे हात तोडले होते, घरं जाळली होती. ‘फाम्बुल टोक’ नावाची संस्था नंतर गावोगाव सलोख्याचा कार्यक्रम घेऊ लागली. रात्री गावच्या मोकळ्या जागेत शेकोटी पेटायची. एखादी बाई उठून सगळ्यांसमक्ष सांगायची, माझ्या माणसाला कुणी आणि कसं मारलं. ज्याचं नाव घेतलं तो तिथेच बसलेला असायचा. तो पुढे येऊन वाकून क्षमा मागायचा. मग पूर्वजांना अर्पण, गावजेवण, नाच. संशोधकांनी २०० गावं घेतली आणि त्यांपैकी कोणत्या १०० गावांत हा कार्यक्रम व्हावा हे यदृच्छया ठरवलं. निष्कर्ष २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आले. कार्यक्रम झालेल्या गावांत लोकांनी जास्त क्षमा केली, माजी लढवय्यांवरचा विश्वास वाढला, मैत्रीची जाळी रुंदावली, गावकामाला हातभारही वाढला. आणि त्याच लोकांत नैराश्य, चिंता, आघाताची लक्षणंही वाढली. हे दोन्ही परिणाम सुमारे अडीच वर्षांनंतरही टिकून होते.

म्हणजे गाव सुधारलं आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. असं का व्हावं, याचा एक धागा उंदरांच्या पिंजऱ्यात सापडतो, निदान मला तो तसा दिसतो.

घंटा वाजवून दर वेळी विजेचा झटका दिला की उंदीर नुसत्या घंटेलाही थिजतो. मग झटका न देता घंटा वाजवत राहायचं. पहिल्या काही वेळा तो थिजतोच, पुष्कळ वेळा वाजवल्यावर हळूहळू सावरतो. याला विलोपन म्हणतात, पण त्यात जुनी भीती पुसली जात नाही. ‘घंटा वाजली तरी इथे धोका नाही’ अशी दुसरी आठवण तिच्या शेजारी तयार होते. मेंदूच्या पुढच्या भागातून निघालेला संदेश अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्रातल्या छोट्या पेशींचे पुंजके चेतवतो. या पेशी गाबा हे रसायन सोडतात आणि भीतीचा आदेश बाहेर धाडणाऱ्या मध्यवर्ती केंद्रकाला दाबून धरतात. हा दाब जागेशी बांधलेला असतो, पिंजरा बदलला की भीती परत येते. शिवाय आठवण जागी झाली की काही काळ ती ठिसूळ होते आणि नव्याने साठवावी लागते. २००० साली एका प्रयोगात आठवण जागवल्यावर लगेच अमिग्डालातली प्रथिननिर्मिती औषधाने रोखली, तर उंदरांची भीती विरून गेली. तसं काही न करता घंटा एक-दोनदाच वाजवून थांबलं, तर जुनी आठवण पुन्हा ताजी होऊन साठवली जाण्याचीच शक्यता अधिक.

शेकोटीची रात्र एकच असते. आघातावरच्या उपचारात तीच आठवण आठ ते पंधरा बैठकांत, आठवड्यामागून आठवडे, पुन्हापुन्हा सांगायला लावतात, ती यासाठीच. वेल्समध्ये भाजलेल्या १३३ रुग्णांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून सुरुवातीलाच एकदा ‘मन मोकळं’ करायला लावलं होतं. तेरा महिन्यांनी त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर विकार (पीटीएसडी) होता, इतरांत ९ टक्क्यांना. (पहिल्या गटातले रुग्ण मुळात जरा जास्त भाजलेले होते, हेही सांगायला हवं.) शनिवार-रविवारच्या शिबिरात रडवून ‘भावनिक कचरा’ काढून देणाऱ्या आणि पूर्वजन्मापर्यंत खणत जाणाऱ्या गुरूंना हे आकडे दाखवून फी परत मागायला हरकत नाही.

कबुली रुग्णालयंही देतात, पण त्यांच्या माफीचा प्रश्न निराळा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी चुका आपणहून कबूल करून भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा रुग्णांच्या लाख भेटींमागे महिन्याला येणारे भरपाईचे नवे दावे ७.०३ वरून ४.५२ वर आले. पण यातून वकिलांचं काम किती घटलं ते कळतं, रुग्णाच्या झोपेचं काय झालं ते नाही. शिवाय इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या.

युगांडातल्या नाकिवाले छावणीत मात्र होत्या. तिथे रवांडा आणि सोमालियाच्या २७७ निर्वासितांवर प्रयोग झाला. डॉक्टर नव्हते, छावणीतल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं होतं आणि बैठका सहा. आयुष्याची गोष्ट क्रमाने, आघातासकट, पुन्हापुन्हा सांगणाऱ्या गटातल्या सुमारे ७० टक्के लोकांत नंतर विकाराचं निदान उरलं नाही. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. विलोपनाच्या बाजूने हा भक्कम पुरावा झाला असता, पण तिथे तिसराही गट होता. त्यांना अशी शिस्तशीर उजळणी न करवता साधं, लवचीक समुपदेशन मिळालं, आणि त्यांच्यातले ६५ टक्के बरे झाले. उंदराच्या पिंजऱ्यातून हे ६५ टक्के समजावता येत नाहीत.