रोप लावण्याआधी मातीची पारख

अंगणात झाड लावायचे ठरले की आपल्याकडे आधी शेणखताची पोती येतात. माती मात्र कोणी वाकून पाहत नाही. कोल्हापुरात तर ही घाई फार महागात पडते, कारण इथली माती थोड्या अंतरात पार पालटते. राधानगरी, आजरा, शाहूवाडीकडे धुवांधार पावसाने चुना आणि पोटॅश धुऊन नेलेली, लोहामुळे तांबूस दिसणारी, आम्लधर्मी जांभ्याची माती आहे. शिरोळ-हातकणंगलेकडे बेसाल्ट खडकापासून बनलेली, चिकण कणांनी भरलेली आणि बहुधा आठच्या आसपास सामू (आम्ल-अल्कता सांगणारा आकडा, म्हणजे pH; सातच्या वर अल्कधर्मी) असलेली काळी जमीन आहे. शहरातल्या नव्या वसाहतींमध्ये या मातीवर मुरमाचा आणि राडारोड्याचा भराव असतो, तो वेगळाच.

एक साधे उदाहरण घेऊ. ज्या घरी अजून पाण्याचा बंब पेटतो, तिथली राख हमखास झाडांच्या बुंध्याशी पडते. राख अल्कधर्मी असल्याने जांभ्याच्या मातीत ती आम्लता कमी करते आणि पोटॅशही देते. तीच राख काळ्या मातीत सामू आणखी चढवते. मग मातीत भरपूर असलेले लोह पाण्यात विरघळत नाही, मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. उसावर किंवा भुईमुगावर हे दिसले की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात.

माझ्या अंगणातल्या जास्वंदीला मी दोन वर्षे खत घालत राहिलो आणि पाने पिवळीच येत राहिली. शेवटी वीतभर खणले, तेव्हा गिलाव्याचे तुकडे निघाले. तिथल्या चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओतताच ती फसफसली. हा फेस मातीतल्या चुन्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. तुकडे वेचून काढले, कुजलेले खत मिसळले आणि लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (लोह देणारे फेरस सल्फेट) घालून फवारणी केली, तेव्हा कुठे नवी पालवी हिरवी आली.

पोत पाहण्यासाठी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून जोरात हलवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकण कणांहून जाड कण) काही तासांत, तर चिकण कणांना दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. निचऱ्यासाठी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेला पातळी तासाला 2 सेंटिमीटरही उतरत नसेल, तर मुळे गुदमरणार हे नक्की समजावे.

अन्नद्रव्यांसाठी मात्र प्रयोगशाळेला पर्याय नाही. पाच-सहा जागी 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, खताच्या ढिगाजवळची टाळावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो नमुना द्यावा. 2015 साली सुरू झालेल्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून येणारा कार्बन) आणि नऊ अन्नद्रव्ये असे 12 घटक मोजले जातात. मी आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहतो; तो अर्ध्या टक्क्याखाली असेल, तर रासायनिक खतांचा विचार नंतर करावा.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून अनेकजण तिच्यात घमेलेभर वाळू मिसळतात. तेवढ्याने पोत बदलत नाही, उलट माती विटेसारखी घट्ट बसते. त्याऐवजी दोन बोटे जाडीचा कंपोस्टचा थर वरच्या वीतभर मातीत मिसळून गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करावा. उसाचे पाचट आपल्याकडे मुबलक असले तरी ते कच्चे गाडू नये, कारण त्यात नत्राच्या शंभराच्या आसपास पट कर्ब असतो आणि ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. वरून आच्छादन म्हणून मात्र ते उत्तम. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात, म्हणून तेही पूर्ण मुरू द्यावे.

ही सारी तयारी वैशाखात उरकली, तरी पहिल्या पावसावर लगेच रोप लावू नये. मूठभर मातीचा गोळा करून अंगठ्याने दाबून पाहावा. बोटाचा चकचकीत ठसा उमटला, तर पोकळ्यांत अजून नुसते पाणी आहे, हवा नाही. आणखी दोन-चार दिवस थांबावे. गोळा अलगद फुटून मोकळा झाला, की वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही आहेत.