पर्वतीय वनस्पतींतील संकर

दोन भिन्न जातींत परागण होऊन निपजलेल्या वनस्पतीस संकरज म्हणतात. डोंगरात थोड्या अंतरात उंची, थंडी व माती बदलते, म्हणून एरवी दूर वाढणाऱ्या जाती उतारावर शेजारी येतात व त्यांच्यात संकर घडतो. (येथे ‘जाती’ म्हणजे स्पीशीज व ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस, या शास्त्रीय अर्थाने हे शब्द घेतले आहेत. वर्तमानपत्रे जातीलाच प्रजाती म्हणतात, त्याने घोटाळा होतो.)

संकरज पुष्कळदा वांझ निघतो, कारण आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत. गुणसूत्रसंख्या दुप्पट झाली की ही अडचण सरते. प्रिम्युला या फुलझाडाच्या हिमालयातील व अरबस्तानातील दोन जातींचा संकरज लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळला. तो प्रथम वांझ होता, पण पुढे त्याच्या दुप्पट गुणसूत्रांच्या फांदीस बी धरले.

गुणसूत्रे न वाढताही नवी जाती होते, याचा उत्तम दाखला सिसिलीतील एटना ज्वालामुखीचा आहे. सेनेसिओ प्रजातीची एक जाती तेथे सुमारे १,००० मी.च्या खाली, तर दुसरी सुमारे २,००० मी.च्या वर वाढते. मधल्या पट्ट्यात त्यांचे संकरज आढळतात. १७०० च्या सुमारास हे संकरज ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. तेथून निसटून एकोणिसाव्या शतकात ते लोहमार्गांच्या खडीवरून इंग्लंडभर पसरले आणि आज सेनेसिओ स्क्वॅलिडस ही स्वतंत्र जाती मानली जाते. भाद्रपदात गडकोटांचे उतार पिवळे करणारी आपली सोनकी याच प्रजातीतील आहे.

संकराच्या परिणामाचा तिसरा प्रकार म्हणजे संकरज पुनःपुन्हा एकाच जनकाशी संकरित होऊन दुसऱ्याची थोडी जनुके त्यात कायमची मुरणे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी १९४९ साली याचे सविस्तर विवेचन केले.

थंड व उंच प्रदेशांत बहुगुणित (गुणसूत्रसंच वाढलेल्या) जातींचे प्रमाण जास्त असते, हे फार पूर्वी लक्षात आले. त्याचे कारण मात्र वादग्रस्त आहे. जुन्या मतानुसार जादा गुणसूत्रांमुळे वनस्पतीस थंडी सोसते. उलट अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेबिन्स यांच्या मते हिमयुगांत हिमनद्यांमुळे दुरावलेल्या जाती बर्फ हटल्यावर पुन्हा एकत्र आल्या, त्यांच्यात संकर झाले आणि त्यांतून बहुगुणित जाती निपजल्या. म्हणजे श्रेय थंडीपेक्षा या भेटीगाठींना जाते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बर्फाखाली गेलेल्या व न गेलेल्या प्रदेशांतील फरक त्याने उलगडतो. हा इतिहास शोधताना हरितलवकांतील (पेशींतील हिरव्या कणांतील) डीएनए उपयोगी पडतो. तो सपुष्प वनस्पतींत बहुधा आईकडूनच येतो, त्यामुळे केंद्रकातील डीएनए वेगळी वंशावळ सांगू लागला की जुन्या संकराचा संशय घेता येतो.

ही चौकट सह्याद्रीस जशीच्या तशी लागू पडत नाही. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. येथील खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि वनस्पतींच्या भेटी व ताटातुटी प्रामुख्याने पावसाळ्याच्या चढउतारांशी जोडाव्या लागतात.

ठाणे परिसरात येऊरच्या उतारांवर, माहुलीवर आणि मुरबाडहून नाणेघाटाकडे चढताना कारवीची (स्ट्रोबिलँथिस कॅलोसा) दाट झुडपे दिसतात. ती बहुधा आठ वर्षांनी (काहींच्या मते सात) एकदाच फुलते, बी धरते व मरते. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ व २०२४ साली बहर आला. वेगवेगळ्या डोंगरांचे हे घड्याळ सारखे नसते, त्यामुळे जवळजवळच्या कारवीही परागांच्या दृष्टीने परक्या ठरतात. अधूनमधून एखादे झुडूप वर्षभर आधी वा मागाहून फुलते. दोन घड्याळांना जोडणारा दुवा असेल तर तो अशा चुकार झुडपांतच असावा.

सह्याद्रीतील कंदीलपुष्पांत (सेरोपेजिया) चित्र वेगळे आहे. भारतातील बहुतेक जातींत गुणसूत्रे २२ च आढळतात. तेव्हा त्यांची विविधता बहुगुणनातून आली असे मानता येत नाही. लहान माश्यांना काही काळ कोंडून ठेवणाऱ्या या नळीदार फुलांची रचना जातीजातीत निराळी असते, आणि संकर टाळण्यात तिचा वाटा असावा.