बदकीण अंड्यांवर का बसत नाही?

घणसोली गावठाणात बदकाची अंडी बदकिणीखाली कोणी ठेवत नाही. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी हेरायची, टोपलीत पेंढा अंथरायचा आणि सात-आठ अंडी तिच्याखाली सरकवायची. "बदकीण बसायची नाय, टाकून निघून जाते," असं शेजारच्या आजी सांगतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून बदकाची नऊ अंडी उबवायला घेतली, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी विचारलं, की आई असताना हे आपण का करायचं?

पाळीव बदकांचा मूळ पूर्वज म्हणजे हिरव्या डोक्याचं रानबदक, मॅलार्ड. त्याची मादी आठ ते तेरा अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस त्यांवर बसते. मस्कोव्ही तेवढं वेगळं. ते दक्षिण अमेरिकेतलं, त्याची अंडी फुटायला 35 दिवस लागतात, आणि त्याची मादी आजही चिकाटीने बसते. बाकीच्यांची रवण, म्हणजे अंड्यांवर बसायची ओढ, माणसाने मोडली. पक्षीण रवणीला बसली की तिचं अंडी घालणं थांबतं. म्हणून जी बसत नाही, घालतच राहते, तिचीच पिल्लं पुढच्या पिढीसाठी राखली गेली. हे परवडलं, कारण माणसाला उबवण्याची कला आधीच आली होती: इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्या, चीनमध्ये गरम केलेल्या भाताच्या तुसात पुरलेली अंडी. उबवणी यंत्र आणि न बसणारी बदकीण अशी एकमेकांच्या आधाराने वाढत गेली.

खाकी कॅम्पबेल हे त्याचं टोक. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी 1900च्या सुमारास इंडियन रनर, रूआँ आणि मॅलार्ड यांच्या संकरातून ही जात काढली. (रनरच्या नावात 'इंडियन' असलं तरी ती इंडोनेशियाच्या बेटांवरची.) चांगली खाकी वर्षाला 300च्या आसपास अंडी देते. प्रत्येक कवचासाठी दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम लागतं, आणि खाण्यातून कमी पडलं की ते तिच्या हाडांतून येतं. अंडं अडकणं, अंग बाहेर येणं, पोटात सूज येणं हे रोग अशा बदकिणींमध्ये वारंवार दिसतात. मांसाच्या जातींचं दुखणं पायांत असतं. 1873मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेलं पांढरं पेकिन आज सात आठवड्यांत तीन किलोच्या आसपास भरतं, तर पूर्ण वाढलेलं मॅलार्ड किलोभराचं. एवढं वजन कोवळ्या सांध्यांवर येतं आणि पिल्लू लंगडू लागतं. पाळीव बदकाच्या पंखांची हाडं सांगाड्याच्या मानाने रानबदकापेक्षा हलकी आणि पायांची जड असतात, हे डार्विनने 1859मध्येच लिहून ठेवलं होतं.

पुतणीची अंडी मात्र तुरेवाल्या जोडीची होती. डोक्यावर पिसांचा गोंडा असलेली ही बदकं 17व्या शतकातल्या डच चित्रांतही दिसतात. माणसाला ती फार आधीपासून आवडतात. पण तुऱ्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, की पिल्लू कवचातच मरतं. म्हणजे तुरेवाल्यांची जोडी लावली, की चारातलं एक पिल्लू मरणार हे धरूनच चालायचं. जगलेल्या तुरेवाल्यांचंही सगळं ठीक असतं असं नाही. गोंड्याखाली कवटी नीट जुळलेली नसते, आत चरबीचा गोळा असतो, आणि काहींचा तोल जातो. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

उबवण्यात तिची चूक नव्हती. तापमान 37.5 अंश, दिवसातून चार-पाचदा अंडी फिरवणं, 25व्या दिवशी फिरवणं बंद करून ओलावा वाढवणं, सगळं वेळेवर. तिने एक गोष्ट तर अनुभवानेच ओळखली: ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवा इतकी दमट असते, की ती खोक्यात तापल्यावरही पन्नास टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो. पाण्याची वाटी भरून ठेवली तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू गुदमरतं. हिवाळ्यात मात्र ती वाटी हवीच.

एक अंडं पोचट निघालं. तीन पिल्लं आतच गेली. पाच बाहेर आली, त्यांपैकी तिघांना तुरा, आणि त्या तिघांतलं एक मान वर केली की पाठीवर पडायचं. पुतणी त्याला तळहातावर धरून पाणी पाजायची. ते बारा दिवस जगलं. दुसऱ्या एकाचे पाय वाकू लागले तेव्हा आम्हाला वाटलं, हेही जातीचंच. ते तसं नव्हतं. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त नायसिन (एक ब जीवनसत्त्व) लागतं आणि आम्ही कोंबडीचं खाद्य देत होतो. खाद्यात यीस्ट मिसळल्यावर पाय सरळ झाले. जातीचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे वेगळं करायला शिकलंच पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतं. तुरेवाल्यांची जोडी लावणं मात्र थांबायला हवं, यात मला शंका नाही.

"मग खाडीकडची रानातली अंडी आणू," असं कोणीतरी सुचवलं होतं. आपल्याकडचं हळदी-कुंकू बदक 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या घरट्याला हात लावायचा नाही.

बिनतुऱ्याची दोन पिल्लं आता आजींच्या परसात आहेत. त्यांतली बदकीण गेल्या महिन्यात आंब्याखाली पेंढा ओढून सहा अंड्यांवर बसली. पुतणी रोज संध्याकाळी ऐरोलीहून बघायला यायची. चौथ्या दिवशी बदकीण उठली ती परत फिरकली नाही. अंडी कोमट होती तोवर आजींनी ती उचलून काळ्या खुडूक कोंबडीखाली सरकवली.