कोकणातील वसाहतकालीन लंबकघड्याळे : मूळ शोधण्याची पद्धत

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या ओटीवर किंवा माजघरात इंग्रजी अमदानीत आयात झालेली चावीची, टोले देणारी घड्याळे अजून आढळतात. त्यांतले एखादे कोठे व केव्हा तयार झाले, हे त्याच्या यंत्रावरून, पेटीवरून आणि घरातल्या माहितीवरून ठरवावे लागते. ही घड्याळे साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळातली. घरची मंडळी ती विलायतेची म्हणून सांगतात. पाहू जाता त्यांतली बरीचशी अमेरिकेची, जर्मनीची, क्वचित जपानची निघतात.

घड्याळ कोकणात आले कसे, हे आधी लक्षात घेतलेले बरे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला रेल्वे मिळाली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. या घड्याळांच्या काळात मुंबईचा माल आणि मुंबईचा चाकरमानी आगबोटीने येई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी किनाऱ्यावरची बंदरे घेत जात आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. घड्याळ सहसा मुंबईच्या दुकानात घेतलेले असे. त्यामुळे तबकडीवर मुंबईतल्या व्यापाऱ्याचे नाव दिसले, तर ते विकणाऱ्याचे आहे एवढेच त्यावरून कळते. बाहेरून आलेल्या यंत्रावर आपल्या नावाची तबकडी बसवून घेण्याची व्यापाऱ्यांची रीतच होती. शोधाची सुरुवात तबकडीवरून करणारे बहुतेक जण इथेच अडतात.

खरी माहिती आत, यंत्राच्या पितळी पत्र्यावर असते. ती पाहायची तर लंबक काढून यंत्र पेटीतून सोडवावे लागते. हे काम घड्याळजीकडूनच करून घ्यावे. चावी देऊन भरलेली कमान (स्प्रिंग) सुटली तर बोटे फोडते.

जर्मन घड्याळांत श्रामबर्गच्या युंगहान्स कारखान्याची खूण ओळखायला सर्वांत सोपी : आठ टोकांचा तारा आणि त्यात ‘जे’ हे अक्षर. हा तारा १८९० पासूनचा. काही यंत्रांवर त्याच्याजवळ एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ‘बी १०’ म्हणजे १९१० च्या उत्तरार्धात तयार झालेले. ‘ए’ असते तर पूर्वार्धातले. बाणांची फुली असेल तर यंत्र हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनीचे. नाव असे असले तरी तिचा कारखाना ना हॅम्बर्गला होता ना अमेरिकेत, तो युंगहान्सच्याच श्रामबर्ग गावात होता. पुढे ती कंपनी युंगहान्समध्येच विलीन झाली. गुस्टाव बेकरचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबर्गचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. त्याच्या पत्र्यावर क्रमांक असतो. दहा लाखांचा क्रमांक १८९२ च्या सुमाराला गाठला गेला, म्हणून सहा आकडी क्रमांकाचे यंत्र त्याआधीचे धरता येते.

अमेरिकन मालात कनेक्टिकट राज्यातल्या कारखान्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात : सेथ थॉमस, वॉटरबरी, न्यू हेवन. अन्सोनियाचा उगमही तिथलाच, मात्र पुढे तिचा कारखाना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता. सेथ थॉमसने बराच काळ एक गमतीची पद्धत ठेवली होती. पेटीच्या पाठीवर किंवा तळाला शाईने वर्ष उलटे छापायचे आणि पुढे महिन्याचे अक्षर. ‘७९८१ सी’ म्हणजे १८९७ चा मार्च. पत्र्यावर कोरलेली पेटंटची तारीख मात्र घड्याळाची जन्मतारीख समजू नये. तीच तारीख पुढे अनेक वर्षे तशीच छापली जाई.

‘मेड इन जर्मनी’ सारखा मजकूर कालनिश्चितीला उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि हिंदुस्थानात १८८९ चा व्यापारी चिन्हांचा कायदा झाला. परदेशी मालावर ब्रिटिश किंवा हिंदुस्थानी व्यापाऱ्याचे नाव असेल, तर तो कोणत्या देशात तयार झाला तेही सांगणे त्यामुळे भाग पडले. म्हणून देशाचे नाव छापलेले घड्याळ बहुधा त्यानंतरचे असते. नाव नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण कित्येकदा ते कागदी चिठ्ठीवर असे आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती चिठ्ठी कधीच गळून गेलेली असते. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन माल बंद झाला. त्या पोकळीत जपानी माल शिरला. किंतारो हात्तोरी यांनी १८९२ मध्ये टोकियोत काढलेल्या सेइकोशा कारखान्याची भिंतघड्याळे अमेरिकन नमुन्यांवर बेतलेली असल्याने दुरून पाहता चकवतात.

घरातल्या आठवणी ऐकाव्यात, पण पारखून. किनाऱ्यावर हमखास ऐकू येणारी कथा म्हणजे, ‘हे फुटलेल्या गलबतावरचे घड्याळ.’ लंबक असेल तर ही कथा तिथेच संपते. हेलकावणाऱ्या जहाजावर लंबक नीट चालत नाही. जहाजावरच्या घड्याळात लंबकाऐवजी तोलचक्र, म्हणजे मागेपुढे फिरणारे छोटे चाक असते. बेकरच्या खुणेत नांगर आहे, त्यामुळे या समजाला आणखी बळ मिळते. तो नांगर कारखान्याचा, समुद्राशी त्याचा संबंध नाही. लंबकाच्या चकतीवरची ‘आर’ आणि ‘ए’ ही अक्षरेही कोणा साहेबाची आद्याक्षरे नसून मंद आणि जलद यांसाठीच्या फ्रेंच शब्दांची आहेत. ‘पणजोबांनी मुंबईहून आणले’ एवढीच साधी आठवण असेल, तर ती बहुधा खरी असते, आणि पणजोबा कोणत्या साली नोकरीला लागले हे विचारून पुढे जाता येते.

पेटीचा विचार वेगळा करावा. खारी हवा पोलादी कमानीला गंज आणते, वाळवी लाकूड खाते. मग गावचा सुतार सागाची किंवा फणसाची नवी पेटी करून देई आणि जुने यंत्र तीत बसे. यंत्र जर्मन, पेटी मालवणची, तबकडी मुंबईची असे घड्याळ खोटे नव्हे. प्रत्येक भागाचे मूळ निराळे नोंदवले म्हणजे झाले. पेटी बदलताना सेथ थॉमसचा शाईचा ठसा तेवढा कायमचा जातो. दाराच्या आतल्या बाजूला घड्याळजीने पेन्सिलीने लिहिलेल्या तेलपाण्याच्या तारखाही पाहाव्यात. वर्ष शकातले असेल तर ७८ मिळवावेत (पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९). मजकूर मोडीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो.

मुंबईच्या चोर बाजारात जुन्या यंत्रांना नव्या पेट्या आणि जुन्या रेल्वे कंपन्यांची नावे छापलेल्या तबकड्या लावून विकतात. पितळ काळवंडलेले आणि तबकडी कोरी करकरीत, असे दिसले की सावध व्हावे. भारतातून पुरावस्तू बाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे आणि शंभर वर्षांहून जुने घड्याळ त्या व्याख्येत बसू शकते. परदेशी गिऱ्हाईक आले असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आधी विचारणा करावी.