‘हिना मायबाप कथा शेतस?’

पॉर्न फिल्ममध्ये काम करणाऱ्या बायकांवरचा माहितीपट चारचौघांत पाहिला, की संपल्या संपल्या ठरावीक वाक्यं कानावर येतात. ‘बिचारी, फसली असणार.’ ‘फसली कसली, पैशाची हाव!’ आणि आमच्या खान्देशात हमखास, ‘हिना मायबाप कथा शेतस?’ हिचे आईबाप आहेत कुठे? माहितीपट कुठलाही असो, त्यातली बाई कुणीही असो, वाक्यं फारशी बदलत नाहीत. म्हणजे ती तिच्याबद्दल जितकं सांगतात, त्याहून जास्त पाहणाऱ्याबद्दल सांगतात. पाहणारा असा निवाडा का करतो, यावर मानसशास्त्रात अनेक दशकं काम झालं आहे. आपल्याकडे त्याची चर्चा अगदीच कमी होते, म्हणून हा लेख.

मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६ चा प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. काही विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी दाखवली. ती शब्दांच्या जोड्या पाठ करतेय, आणि चुकलं की तिला विजेचा झटका बसतोय. झटके खोटे होते, मुलगी अभिनय करत होती. पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. काहीजणींना सांगितलं, तुम्ही मत दिलंत तर पुढच्या फेरीत तिला झटक्याऐवजी पैसे मिळतील. काहीजणींना मात्र कळवलं, की झटके चालूच राहणार आणि तुम्हाला त्यात काही करता येणार नाही. मग विचारलं, मुलगी कशी वाटली? ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यांनी तिला जास्त नावं ठेवली. सगळ्यांत हीन ती कुणाला वाटली? ती दुसऱ्यांसाठी स्वतःहून झटके सोसतेय, असं ज्यांना भासवलं होतं त्यांना.

लर्नरने याचा अर्थ असा लावला: जगात न्याय आहे, ज्याचं त्याला मिळतं, या विश्वासावर माणूस रोजचा दिवस काढतो. डोळ्यांदेखत कुणी विनाकारण भोगत असेल आणि आपल्याला ते थांबवता येत नसेल, तर हा विश्वास हलतो. तो सावरायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे भोगणाऱ्यातच खोट काढणं. ‘पेरलं तसं उगवलं’ म्हटलं, की मन निवांत होतं. आईबापांची चौकशीही त्यातलीच. त्यांचं चुकलं असं ठरलं, की आपलं घर सुरक्षित.

जळगावकरांना हे प्रयोगशाळेत जाऊन शिकायची गरज नाही. १९९४ मध्ये इथे जे लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं, त्यात मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावलं जात होतं. तो उघड गुन्हा होता. स्वतःच्या मर्जीने कॅमेऱ्यापुढे काम करणाऱ्या बाईशी त्या मुलींची तुलना होऊच शकत नाही, आणि कुणी करू नये. पण त्यानंतर गावाने काय केलं ते आठवा. ‘गेल्याच कशाला तिथे?’ हा प्रश्न आरोपींपेक्षा मुलींना जास्त विचारला गेला. प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या मुलींच्याही सोयरिकी केवळ जळगावच्या म्हणून अडल्या, हे आजही घरोघर सांगतात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की कलंक डाग लागलेल्या माणसापाशी थांबत नाही, त्याच्या जवळच्यांनाही चिकटतो. एका अख्ख्या शहराच्या मुलींना तो चिकटलेला आपण पाहिला. मला अजून त्याचा संताप येतो.

आता पडद्यावरच्या बाईकडे येऊ. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले. कुणी बाजूने लिहिलेला, कुणी विरोधात. काही वाचकांना आधीच सांगितलं होतं, की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला नेमून दिली आहे. तरीही वाचक म्हणाले, हे त्याचं खरं मत असणार. परिस्थिती डोळ्यांसमोर असूनही आपण माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. नेमून दिलेल्या निबंधाचं हे, तर पडद्यावर उघड्या देहाने सांगितलेली भूमिका करणाऱ्या बाईचं काय? ती भूमिका म्हणजेच ती, असा हिशेब पाहणारा क्षणात करून टाकतो.

चांगला माहितीपट हा हिशेब मोडायचा प्रयत्न करतो, तो कामाचे तपशील दाखवून. पैसे बहुधा दृश्यागणिक एकदाच मिळतात. ती फीत पुढे कितीही वर्षं, कितीही वेळा पाहिली गेली तरी तिला त्यातलं काही मिळत नाही. अमेरिकेत या व्यवसायाने स्वतःच घालून घेतलेल्या पद्धतीप्रमाणे दर १४ दिवसांनी लैंगिक आजारांची तपासणी करावी लागते, अहवाल ताजा नसेल तर काम नाही. अमळनेरला एका मैत्रिणीच्या घरी असा माहितीपट पाहत होतो. मैत्रिणीची आत्या भाजी निवडत मागे बसली होती. मायबापांची चौकशी करून झाली होती, मेथीच्या जुडीकडे बघत ‘शी’ही म्हणून झालं होतं. मग पडद्यावरची पोर एजंटाशी बोलताना दिसली: प्रवासभाडं कापलं, राहण्याचं कापलं, हातात एवढेच. आत्याचा हात थांबला. ‘म्हणजे मुकादमच की हा,’ ती म्हणाली. तिच्या माहेरची माणसं ऊसतोडीला जात. उचल आणि कपात तिने लहानपणापासून पाहिलेली. त्यानंतरचे तिचे प्रश्न वेगळे होते. हिला उचल किती देतात? आजारी पडली तर? मध्येच सोडून जाता येतं का?

याला दया म्हणता येणार नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘बिचारी’ म्हणणारा आणि ‘हावरी’ म्हणणारा, दोघांनीही तिला काही विचारायचं ठेवलेलं नसतं. दोघांना उत्तर आधीच माहीत असतं.

आणि ते उत्तर तितकं सोपं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या व्यवसायातल्या १३४ बायकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या १,७७३ इतर बायकांशी केली होती. नैराश्याच्या निकषांत बसणाऱ्या पहिल्या गटात ३३ टक्के निघाल्या, दुसऱ्यात १३ टक्के. बालपणी लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगणाऱ्या ३७ टक्के, विरुद्ध १३. ‘बिचारी’वाल्यांना वाटेल, झालं सिद्ध. पण २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात १७७ अभिनेत्री होत्या. त्यांच्या वयाच्या, त्यांच्यासारख्याच पार्श्वभूमीच्या बायकांशी ताडून पाहिलं, तर बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचं प्रमाण जास्त आढळलं नाही. आत्मसन्मान आणि आयुष्यातला आधार उलट जास्त होता. नशेचे पदार्थ करून पाहिलेल्या मात्र त्यांच्यात जास्त होत्या. दोन्ही अभ्यासांत स्वतःहून माहिती द्यायला तयार झालेल्या आणि त्या वेळी काम करत असलेल्याच बायका होत्या. पोळून निघून गेलेल्यांचा आवाज दोन्हींत नाही. पाहणी कुणाची केली, तुलना कुणाशी केली, यावर चित्र एवढं बदलतं. माहितीपटात तर तीन-चारच चेहरे असतात, आणि ते दिग्दर्शकाने निवडलेले असतात. तेवढ्यावरून सगळ्या व्यवसायाचं माप काढणं चूक, मग ते काळं निघो की गोरं.

पाहणाऱ्यांची आणखी एक सवय सांगायलाच हवी. ‘आपलं ठीक आहे हो, पण हे पोरांनी पाहायला नको.’ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये ही प्रवृत्ती मांडली: माध्यमांचा परिणाम आपल्यावर कमी आणि इतरांवर जास्त होतो, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पुढे पॉर्नबद्दलच्या मतांची पाहणी झाली तेव्हाही हेच दिसलं, आणि ज्यांना इतरांची काळजी जास्त, त्यांचाच बंदीला पाठिंबा जास्त. खोलीतला प्रत्येकजण दुसऱ्याच्या वतीने घाबरत असतो. स्वतःच्या मोबाइलबद्दल अवाक्षर काढत नाही.

मग मत बदलतं का? डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना खुनाची शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याची मुलाखत ऐकवली. अर्ध्यांना सांगितलं, तटस्थ राहून ऐका. अर्ध्यांना, त्याला काय वाटत असेल याची कल्पना करा. लगेच विचारलं तेव्हा खुन्यांबद्दलच्या मतात फारसा फरक नव्हता. एक-दोन आठवड्यांनी, प्रयोगाशी संबंध न दाखवता, फोनवर विचारलं, तर कल्पना करणाऱ्यांचं मत मऊ झालेलं निघालं. म्हणजे माहितीपट संपताक्षणी जे बोललं जातं ते शेवटचं मत नसतं. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायची ही तालीम खान्देशाला तर घरबसल्या मिळू शकते. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोडेबाजाराबरोबर तमाशाचे तंबूही लागतात. रात्री शिट्ट्या मारणारे सकाळी ‘तमाशातली बाई’ हे शब्द शिवीसारखे वापरतात. त्या बाईला कपडे बदलायला आडोसा, प्यायला पाणी आणि झोपायला धड जागा मिळते का, हे यात्रेच्या आयोजकांना विचारणारा विरळा.

लर्नरच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग इथेच उपयोगी पडतो: हातात काही करण्यासारखं असलं, की नावं ठेवणं कमी होतं. मर्जीविरुद्ध कुणाचा खासगी व्हिडिओ गावात फिरू लागला, तर करण्यासारखं बरंच आहे. तो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. पीडित बाईने, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी तक्रार केली, तरी समाजमाध्यम कंपन्यांना तो हटवावा लागतो. २०२१ च्या नियमांनी त्यासाठी आधी २४ तासांची मुदत घातली होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. १९९४ च्या मुलींना यातलं काहीही उपलब्ध नव्हतं.