पार्किंग लॉटखालचं जोतं

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या मूळ इमारतीचा विटांचा पाया सापडल्याचं जाहीर झालं. तेही पार्किंग लॉटखाली. आता हे गाव म्हणजे जवळपास शंभर वर्षं खणत आलेलं, मग हा पाया इतके दिवस राहिला कसा, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

१६९९ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी जेम्सटाउनहून इथे आणायचं ठरलं. गाव आखूनच वसवलं, अर्ध्या एकराचे प्लॉट, म्हणजे आपल्या हिशोबात २० गुंठे, आणि प्लॉट घेतलात तर दोन वर्षांत घर बांधा नाहीतर तो परत गेला. घरं बरीचशी लाकडी, पण पाया, तळघर, चिमणी विटांची, त्यामुळे वरचं घर जळलं-पडलं तरी जोतं जमिनीत राहायचं. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली आणि गाव थंडावलं.

मग १९२६ पासून जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांचा पैसा आणि गुडविन नावाच्या पाद्रींचा ध्यास यातून जुनं गाव पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं. आर्किटेक्ट लोकांना हवं होतं एकच, पाया कुठे आहे ते दाखवा. म्हणून प्लॉटवर रस्त्याला ४५ अंशात तिरके चर मारायचे, फावड्याच्या पात्याएवढे रुंद, थोड्या थोड्या अंतरावर. तिरके अशासाठी की भिंती रस्त्याला समांतर नाहीतर काटकोनात असायच्या, मग तिरका चर कुठे ना कुठे भिंतीला आडवा जाणारच. डोकं भारी लावलं होतं हे मानावं लागेल. वीट लागली की तिच्या कडेकडेने खणत जायचं, मोजमाप घ्यायचं, नकाशा काढायचा, झालं. पण राखेचा थर, लाकडी खांब कुजून मातीत उरलेला काळा डाग, हे सगळं फावड्यासरशी गेलं, आणि परसातल्या शेड, कुंपणं, गुलामांची राहण्याची जागा यांचा पुरावा बऱ्याचदा तेवढ्या डागातच असतो. १९५७ मध्ये आयव्हर नोएल ह्यूम लंडनहून आले, ते पुरातत्त्वज्ञ, त्यानंतर थर बघत खणायची शिस्त लागली.

चर्चची गोष्ट याच्याच पोटात आहे. अमेरिकन क्रांतीच्या काळात गावातली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांची होती, आणि १७७६ मध्ये गुलाम आणि मुक्त अशा दोघांनी मिळून या चर्चची मंडळी, म्हणजे एकत्र प्रार्थना करणारा गट, सुरू केली. पुढे त्यांचे पाद्री झालेले गोवन पॅम्फ्लेट स्वतः एका टॅव्हर्नवालीचे गुलाम होते. १८१८ च्या कर नोंदीत यांच्या प्रार्थनाघराचा उल्लेख येतो, १८३४ च्या वादळात ते गेलं, १८५६ मध्ये विटांचं मोठं चर्च झालं. तेही १९५० च्या दशकात पाडलं, कारण अठराव्या शतकाच्या देखाव्यात ते बसत नव्हतं. वर डांबर आलं.

२०२० मध्ये या मंडळीतल्या लोकांच्या वंशजांच्या आग्रहाने खोदकाम सुरू झालं. पहिल्या इमारतीचा पाया निघाला १६ बाय २० फूट, मुंबईतल्या वन आरकेएवढा! त्याला लागून विटांची फरसबंदी होती आणि तिच्याखाली १८१७ चं एक नाणं. नाणं वर सापडलं असतं तर कधीही पडलेलं म्हणता आलं असतं, पण ते विटांखाली आहे म्हणजे फरसबंदी १८१७ च्या आधीची असूच शकत नाही, आणि कर नोंदीशी हे छान जुळतं.

शेजारीच ६० च्या वर कबरी मिळाल्या. वंशजांच्या संमतीने त्यातल्या तीन उघडल्या, २०२३ मध्ये डीएनएवरून ती माणसं आफ्रिकी वंशाची असल्याचं कळलं. या कबरींना वीट नाही, मातीत नुसते लांबट डाग दिसतात, फक्त एकीवर खूण म्हणून दारूची रिकामी बाटली उलटी खोवलेली होती.