वर्तुळाकार बसमार्ग

शहराच्या कडेकडेने फिरून निघाल्या जागी परत येणारा बसमार्ग. शहरातून बाहेर पसरलेले लोहमार्ग तो आडवे कापतो, त्यामुळे एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला मुख्य स्थानक गाठावे लागत नाही. दिल्लीतील रिंग रोडवरची ‘मुद्रिका’ हे परिचित उदाहरण.

बडोद्याची रचना अशा मार्गाला सोयीची आहे. मुंबई–अहमदाबाद मार्गावर बाजवा, विश्वामित्री, मकरपुरा. गोध्र्याच्या मार्गावर छायापुरी. डभोईच्या फाट्यावर प्रतापनगर. इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्याचा वेळ वाचावा म्हणून अहमदाबाद–रतलाम मार्गावरच्या काही गाड्या जंक्शन टाळून छायापुरीला थांबतात. तिथे उतरून मकरपुऱ्याला जाणाऱ्याला दांडिया बाजारच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही.

फेरा ३० किमी आणि वेग ताशी १५ किमी धरल्यास १२० मिनिटे लागतात. त्यात विसाव्याची, म्हणजे फेऱ्यात बस थांबवून ठेवण्याची, १२ मिळवून १३२. दर १२ मिनिटांनी बस हवी तर एका दिशेला ११, दोन्हींना मिळून २२ बस, राखीव वेगळ्या. विसाव्यावर कात्री चालवली की मार्ग बिघडतो. सरळ मार्गावरचा उशीर शेवटच्या थांब्यावर भरून निघतो, इथे शेवटचा थांबाच नाही. उशिरा आलेल्या बसला गर्दी जास्त, चढउताराला वेळ जास्त. मागची रिकामी बस तिला येऊन गाठते आणि दोघी जोडीने फिरतात. विसावा बहुतेक प्रवासी उतरतात अशा स्थानकावरच द्यावा, नाहीतर बसून राहिलेले कंडक्टरशी भांडतात.

वाहतूक डाव्या बाजूने असल्याने घड्याळाच्या दिशेच्या बसला उजवी वळणे जास्त, म्हणजे समोरची वाहने अडवून वळणे. दोन्ही दिशांचे वेळापत्रक एकच छापणे ही नेहमीची चूक. पाटीवरही शेवटचे ठिकाण नव्हे, पुढची दोन-तीन स्थानके लिहावीत.

रेल्वेशी वेळ जुळवायची ती एकाच स्थानकावर. ती ठरली की बाकीच्या आपोआप ठरतात. गाडी आल्यावर ८–१० मिनिटांनी बस सुटावी, कारण दादऱ्यावरच्या (पादचारी पुलावरच्या) गर्दीतून बाहेर यायला तेवढा वेळ जातोच. इतर स्थानकांवर दर १२ मिनिटांची बस पुरते.

रूळ ओलांडायला शक्यतो पूल निवडावा. अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रुळांखालचा भुयारी रस्ता, पावसाळ्यात भरून बंद होते, हे बडोदेकरांना सांगायला नको. ओलांडणी बंद पडल्यास लांबचा वळसा न घालता वर्तुळ तिथेच तोडून दोन्ही बाजूंनी बस माघारी फिरवाव्यात. त्यासाठी शेवटच्या थांब्याच्या पाट्या आगारात आधीपासून तयार लागतात.